विश्लेषण : डाळीतली अमिनो आम्ले पोटात कोण फोडते?

धानाची कापणी होण्याआधीच बांधीतल्या ओलीवर लाखोरी फेकून द्यायची, ही पवनीसह वैनगंगेकाठच्या धानपट्ट्यातली जुनी रीत. पुढे तिची डाळ होते, वडे होतात, कोवळ्या पाल्याची भाजी होते. याच डाळीच्या विक्रीवर 1961 मध्ये देशात बंदी आणली गेली, ती तिच्यातल्या एका अमिनो आम्लामुळे. अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनांचे सुटे मणी. लाखोरीतले ‘ओडॅप’ मात्र प्रथिनात ओवलेले नसते, दाण्यात मोकळेच असते. ते मेंदूतल्या ग्लुटामेटची नक्कल करून चेतापेशींना इजा करते. दुष्काळात महिनोन्‌महिने लाखोरीच मुख्य अन्न झाली, तेव्हा माणसांचे पाय ताठरून कायमचे अधू झाले. हाच लॅथिरिझम.

हे टोकाचे उदाहरण झाले. डाळीतली बाकीची अमिनो आम्ले निरुपद्रवी, किंबहुना गरजेची. मात्र पोटात गेल्यावर त्यांचे औषध होते की विष, हे बऱ्याच अंशी आतड्यातल्या जिवाणूंवर ठरते, असे गेल्या काही वर्षांतले संशोधन सांगते.

शेळीने दाखवलेली वाट

सुबाभळीचा पाला शेळ्यांना घालणे विदर्भाला नवे नाही. या पाल्यात मिमोसिन नावाचे विषारी अमिनो आम्ल असते. ऑस्ट्रेलियात सुबाभूळ खाणाऱ्या गुरांचे केस गळत, थायरॉइडची गाठ सुजत असे. हवाईतल्या शेळ्या मात्र तोच पाला खाऊन ठणठणीत होत्या. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाला शंका आली की फरक जनावरात नसून त्याच्या पोटातल्या जिवाणूंत असावा. त्या शेळ्यांच्या पोटातले जिवाणू 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या गुरांना दिले गेले आणि गुरे सुबाभूळ पचवू लागली. पुढे या जिवाणूला जोन्स यांच्याच नावावरून ‘सिनर्जिस्टिस जोन्सी’ म्हटले गेले.

माणसाला लाखोरीबाबत अशा जिवाणूंच्या भरवशावर राहता येत नाही. तिथे उपाय चुलीवरचाच : डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून देणे, तिला रोजचे एकमेव अन्न न करणे आणि ‘रतन’, ‘प्रतीक’ यांसारखे कमी ओडॅपचे वाण पेरणे.

उरलेले कोणाच्या वाट्याला?

खाल्लेली बहुतेक प्रथिने लहान आतड्यातच पचून रक्तात जातात. उरलेला थोडा भाग, दिवसाला काही ग्रॅम, मोठ्या आतड्यात पोहोचतो. तिथले जिवाणू आधी तंतू आणि न पचलेला स्टार्च खातात, कारण ते त्यांना सोयीचे. तो संपला की प्रथिनांकडे वळतात. त्यामुळे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात प्रथिने अधिक कुजतात. मळ जितका जास्त वेळ साचून राहतो, तितके हे कुजणे वाढते. बद्धकोष्ठतेचा प्रश्न केवळ अस्वस्थतेपुरता नाही, तो असा.

या कुजण्यातून काय निघेल, हे आम्लागणिक बदलते. ट्रिप्टोफॅनपासून काही जिवाणू इंडोल बनवतात. यकृतात त्याचे इंडॉक्सिल सल्फेट होते. टायरोसिनपासून पॅरा-क्रेसॉल तयार होते. धडधाकट मूत्रपिंड ही दोन्ही लघवीवाटे बाहेर टाकते. मूत्रपिंड निकामी झाले की ती रक्तात साचतात, आणि रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसत असल्याने डायलिसिसनेही नीट निघत नाहीत. जुनाट मूत्रपिंडविकारात डॉक्टर प्रथिनांचे माप ठरवून देतात, त्यामागच्या कारणांपैकी हे एक.

त्याच ट्रिप्टोफॅनपासून ‘क्लॉस्ट्रिडियम स्पोरोजेनिस’ हा जिवाणू इंडोल प्रोपिऑनिक आम्ल बनवतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये उंदरांत दाखवले की हे आम्ल आतड्याचे अस्तर घट्ट ठेवायला मदत करते. कच्चा माल एकच, कारागीर बदलला की वस्तू बदलते.

हिस्टिडिनचे प्रकरण मधुमेहींसाठी महत्त्वाचे. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाच्या चमूला 2018 मध्ये टाइप-2 मधुमेहींच्या रक्तात जिवाणूंनी हिस्टिडिनपासून बनवलेले इमिडॅझोल प्रोपिओनेट जास्त आढळले. प्रयोगात हा पदार्थ इन्शुलिनचा संदेश पेशीपर्यंत पोहोचण्यात अडथळा आणतो. म्हणून हिस्टिडिन असलेले पदार्थ टाळावेत, असा अर्थ काढणे चूक ठरेल. हिस्टिडिन शरीराला हवेच. दोष त्यात नाही, जिवाणूंच्या बदललेल्या वस्तीत आहे.

ताटात काय बदलते?

नुसता पांढरा भात आणि मासळी या ताटात प्रथिने भरपूर, जिवाणूंसाठी तंतू मात्र जेमतेम. डाळीचे तसे नाही. डाळ प्रथिनांसोबत तंतू आणि जिवाणूंना आवडणाऱ्या शर्कराही घेऊन येते. (डाळीने पोटात वायू धरतो, तो याच शर्करांमुळे.) मासळीसोबत पालेभाजी किंवा शेंगभाजी असली, तरी हेच साधते. भात शिजवून थंड केला की त्यातला थोडा स्टार्च न पचणारा होतो, पण त्याचा परिणाम माफक आहे. प्रथिनांच्या पावडरीचे डबे रिचवणाऱ्या तरुणांनी मात्र तंतूंचाही हिशेब ठेवायला हवा.

मूत्रपिंडाच्या रुग्णांनी हे वाचून आपणहून डाळी-भाज्या वाढवू नयेत. त्यांत पोटॅशियम असते, आणि ते अशा रुग्णांना धोक्याचे ठरू शकते. आहार डॉक्टरांना विचारूनच बदलावा.

जिवाणूच बदलून टाकण्याचे प्रयोगही सुरू आहेत. 2016 मध्ये अमेरिकी संशोधकांनी ट्रिप्टोफॅनपासून इंडोल बनवणारे जनुक काढून टाकलेला जिवाणू उंदरांत वसवला, तेव्हा त्यांच्यातले इंडॉक्सिल सल्फेट घटले. हार्वर्डमधल्या 2020 च्या अभ्यासात तर गंधकयुक्त अमिनो आम्ले जास्त असलेल्या खाद्याने उंदरांच्या आतड्यातले इंडोल कमी झाले आणि मूत्रपिंडाची हानीही घटली. सडक्या अंड्याचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड इथे उपकारी ठरला होता. हे सारे अजून उंदरांपुरतेच आहे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या प्रोबायोटिक गोळ्यांत यातले काही नाही.