परसातली आगटी आणि काजूबिया

मे महिन्यात मुंबईची नातवंडे पावसला आली की परसात आगटी पेटते. तीन चिरे, त्यावर भोके पाडलेला जुना पत्रा, खाली नारळाची सोडणे आणि वर सुक्या काजूबिया. मोठी माणसे मुलांना जाळापासून लांब ठेवतात. पण इजा पुष्कळदा दुसरीकडूनच होते: सालातल्या तेलाने आणि विझल्यासारख्या दिसणाऱ्या राखेने.

काजूच्या सालात ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असलेले दाहक तेल असते. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले, म्हणूनच आंब्याचा चीक उततो तसे हे तेलही उतते. कधी लगेच फोड येतो, कधी एक-दोन दिवसांनी खाज सुटून पुरळ उठते. बी तापली की तेलाच्या चिळकांड्या उडतात आणि पेट घेतात. त्यामुळे ढवळायला लांब काठी घ्यावी, अंगात सुती कपडे असावेत आणि नायलॉनची ओढणी जवळ नको. धुराने डोळे चुरचुरतात, दमेकऱ्याला धाप लागते. अशांनी वाऱ्याच्या उलट बाजूलाही न बसता घरातच थांबलेले बरे. बिया फोडताना हाताला खोबरेल तेल लावण्याची जुनी रीत चांगली आहे. नंतर हात साबणाने धुवावेत. कच्ची बी दाताने फोडू नये.

वेळ सकाळची धरावी. दुपारी खारे वारे सुटतात आणि वाळक्या गवतातून एक ठिणगी शेजारच्या कलमांच्या बागेत पोचते. रॉकेल किंवा पेट्रोल ओतून जाळ वाढवू नये.

पेटलेल्या बियांवर पाणी मारू नये, तेल भडकते. त्यांच्यावर माती किंवा राख टाकावी. निखाऱ्यांचे मात्र उलटे. जाळ शमल्यावर पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे. नुसती माती लोटली तर आत धग तासन्‌तास राहते. ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांना हेच आढळले होते: शेकोटीने भाजलेली बरीच मुले जाळात नव्हे, वाळूने झाकलेल्या आदल्या रात्रीच्या निखाऱ्यांवर पाय पडून भाजली होती. आपल्याकडे तर पोरे अनवाणीच हुंदडतात.

भाजलेच तर ती जागा वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटे धरावी. घरचे लोक पाच मिनिटांत थांबतात, तिथेच चुकते. सूज येण्याआधी अंगठी, बांगड्या काढाव्यात. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नये. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नये, फोड फोडू नये. स्वच्छ कापडाने सैल झाकावे. चेहरा, हात, पाऊल किंवा सांधा भाजला असेल, अथवा जखम रुग्णाच्याच तळहाताहून मोठी असेल, तर लगेच दवाखाना गाठावा. लहान मुलांची कातडी पातळ असते, त्यांना जखम छोटी दिसली तरी दाखवावे. रुग्णवाहिकेसाठी 108 क्रमांक आहे.