वैदूची पुडी आणि मधले सात महिने

आपल्या रुग्णालयाच्या कर्करोग विभागात रुग्णाची नोंद करताना ‘यापूर्वी कोणते उपचार घेतले?’ असा एक रकाना भरावा लागतो. बहुतेक वेळा त्यात ‘काही नाही’ असे उत्तर लिहिले जाते. पुढे दोन-तीन भेटींत ओळख वाढली, की पिशवीतून हळूच एखादी पुडी किंवा काढ्याची बाटली बाहेर येते. तपासणी शिबिरे होतात, शासकीय योजना आहेत, तरीही रुग्ण इतक्या उशिरा का येतात, असे देणगीदार व विश्वस्त आम्हांस वारंवार विचारतात. या प्रश्नाचे एक उत्तर पुढील हकिकतीत आहे. संबंधित कुटुंबाच्या संमतीने ती येथे देत असून ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

घाटमाथ्यावरील एका लहान गावातील या बाई, वय साठीच्या आसपास. पती हयात नाहीत. थोरला मुलगा शिक्षक, धाकटा शेती पाहतो, मुलगी लग्नानंतर पिंपरीस स्थायिक. न्हाताना डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ बाईंच्या हाताला लागली. ती दुखत नव्हती, म्हणून त्यांनी चार महिने कोणास काही सांगितले नाही. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीस बहुधा दुखतच नाही आणि नेमके हेच तिचे फसवेपण आहे. दिवाळीस माहेरी आलेल्या मुलीला हे कळले आणि ती आईला घेऊन आमच्याकडे आली. सुईने तुकडा काढून तपासला असता कर्करोगाचे निदान झाले. रोग अन्यत्र पसरल्याचे तपासण्यांत दिसले नाही. शस्त्रक्रिया आणि त्यानंतर रसायनोपचार असा सल्ला देऊन पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली गेली. त्या तारखेला बाई आल्या नाहीत.

मधल्या पंधरवड्यात घरात काय घडले, ते पुढे थोरल्या मुलाने सविस्तर सांगितले. गावातील कोणाला ‘टाटाला नेले’ एवढे म्हटले, तरी ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि तेथून असंख्य रुग्ण बरे होऊन परतले. पण गावाच्या स्मरणात राहिले ते न परतलेले. बाईंचे भाऊ भेटीस आले व म्हणाले, “आक्का, सुरी लागली की गाठ चिडते. आपल्या भावकीतल्या दोघी तशाच गेल्या.” वास्तविक गाठीत सुई घातल्याने स्तनाचा कर्करोग पसरतो, याला आधार नाही. परंतु रोग हाताबाहेर गेल्यावर शस्त्रक्रिया झालेली माणसे पुढे दगावतात आणि लोकांच्या नजरेत दोष सुरीकडे जातो. त्यातच केस जाण्याची भीती, खर्चाचा धसका. बाईंनी मुलांना बजावले, “माझं काय व्हायचं ते होऊ दे, जमिनीला हात लावायचा नाही.”

वस्तुतः २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेल्या व आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया, रसायनोपचार व किरणोपचार यांचा समावेश आहे. जमीन विकण्याची वेळ आली नसती. मात्र मामांनी सुचवलेल्या वैदूकडे दर गुरुवारी जाण्याच्या खर्चापायी घरातील एक दुभती म्हैस विकली गेली.

तो वैदू लबाड होता, एवढे म्हणून हा विषय संपत नाही. तो बाईंची नाडी हातात धरून अर्धा अर्धा तास बोलत बसे. सासरचे, माहेरचे, झोपेचे, स्वप्नांचे विचारी. ‘मी बरी करतो’ असे ठामपणे सांगे. आमच्या बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत डॉक्टर ‘शक्यता’ या शब्दात बोलतात, कारण खरे तेच बोलावे लागते. भेदरलेल्या कुटुंबाला ठाम शब्द हवा असतो. शिवाय पथ्य सांभाळणे, पुडी मधात कालवून वेळेवर देणे, लेप लावणे यांत प्रत्येकाला आईसाठी काही तरी केल्याचे समाधान मिळत होते. ही गोष्ट आम्ही क्षुल्लक मानत नाही.

पहिल्या महिन्यात बाईंना बरे वाटू लागले. भूक वाढली, गुडघेदुखी थांबली, चेहरा भरल्यासारखा दिसू लागला. घरच्यांचा विश्वास बसला, तो येथेच. अशा सुधारणेमागे अनेकदा एक कारण असते, ते वाचकांनी समजून घ्यावे. नाव-पत्ता नसलेल्या काही चूर्णांमध्ये स्टिरॉइड मिसळलेले आढळते. स्टिरॉइडने भूक लागते, सांधे मोकळे होतात, उत्साह वाटतो. पण स्तनातील गाठ त्याने बरी होत नाही. चेहरा भरतो तो सुजेने आणि रक्तातील साखर वाढते. या बाईंच्या पुडीत नेमके काय होते, हे सांगता येणार नाही, कारण आमच्याकडे येईपर्यंत पुड्या संपल्या होत्या. एवढे खरे, की पूर्वी नसलेला मधुमेह आता त्यांच्या नोंदीत आला होता.

लेपाने अधिक हानी केली. त्यात बिब्ब्याचे तेल होते. बिब्बा उततो, फोड येतात, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. त्वचा भाजली तेव्हा ‘आतले विष बाहेर पडत आहे’ असे सांगण्यात आले. दूध, मीठ व डाळी बंद झाल्याने अंगात त्राण उरले नाही. मुलगी दर आठवड्यास फोनवरून भावांशी भांडत होती. शेवटी तिच्याशी बोलणेच बंद झाले. अखेर तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या एका पदवीधर वैद्यांनी जखम पाहिली, स्वतः काही औषध दिले नाही आणि “आजच्या आज रुग्णालयात न्या” असे सांगून चिठ्ठी लिहून दिली. हे आम्ही मुद्दाम नमूद करीत आहोत. आयुर्वेदाचे शिक्षण घेतलेला चिकित्सक आणि पुडी विकणारा माणूस यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

वनस्पतींविषयीही आमचा आकस नाही. सदाफुलीपासून मिळणारे विनक्रिस्टीन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही वापरले जाते. सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाने तो स्वीकारला. परंतु तेथे मात्रा मोजलेली होती आणि परिणाम नोंदलेले होते. केवळ पर्यायी उपायांवर विसंबण्याची किंमतही मोजली गेली आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रोग दूर पसरलेला नसताना प्रचलित उपचार नाकारून असे उपाय घेणाऱ्या २८१ रुग्णांची तुलना प्रचलित उपचार घेणाऱ्यांशी केली. मृत्यूचा धोका एकूण अडीच पट आढळला. स्तनाच्या कर्करोगात तो साडेपाच पटींहून अधिक होता. कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे खरी, पण वैदूला जाहिरात करावीच लागत नाही. ते काम सोयरेधायरे करतात.

सात महिन्यांनी बाई परत आल्या, तेव्हा गाठ फुटून व्रण झाला होता आणि रोग मणक्यापर्यंत पोहोचला होता. पूर्ण बरे करणे हे उद्दिष्ट आता उरले नव्हते. तपासणीत रोग संप्रेरकांना प्रतिसाद देणारा निघाल्याने त्यांना रोजची गोळी सुरू केली, मणक्याच्या वेदनेसाठी किरणोपचार दिले, व्रणाची नियमित मलमपट्टी केली. दुर्गंधी गेली आणि त्या पुन्हा सर्वांमध्ये बसून जेवू लागल्या. आज त्या स्वतः चालत तपासणीस येतात.

थोरल्या मुलाने समुपदेशन कक्षात एक प्रश्न विचारला, “आम्हीच आईला मारलं का?” अशा प्रश्नाला घाईने ‘नाही, नाही’ म्हणून भागत नाही. वेळ गेला, त्याचा परिणाम झाला, हे आम्ही लपवले नाही. पण घरात कोणाचाही हेतू वाईट नव्हता, निर्णय भीतीपोटी झाला आणि पुढचे दिवस वेदनारहित करणे अजून सर्वांच्या हाती आहे, हेही सांगितले. त्यानंतर बाई जे बोलल्या, त्याची मुलांना कल्पना नव्हती. दुसऱ्या महिन्यातच त्यांना पुडीचा भरवसा वाटेनासा झाला होता. पण मुले एवढ्या हौसेने देतात, त्यांचे मन मोडू नये म्हणून त्या घेत राहिल्या. आणि आईचा विश्वास आहे, तो मोडू नये म्हणून मुले देत राहिली. बहिणीला फोन त्याच दिवशी, आमच्या कक्षातूनच झाला.

रुग्णांच्या नातेवाइकांस विनंती, की घरी चालू असलेले प्रत्येक औषध, मग ते चूर्ण असो, भस्म असो वा काढा, मूळ वेष्टनासह सोबत आणावे. त्याबद्दल येथे कोणी रागावणार नाही. काही काढे व भस्मे यकृत किंवा मूत्रपिंड बिघडवतात आणि रसायनोपचाराची मात्रा ठरवताना ते माहीत असणे आवश्यक असते. दीर्घकाळ घेतलेली अनोळखी पुडी मनानेच एकदम बंद करू नये. तीत स्टिरॉइड असल्यास अचानक बंद केल्याने जिवाला धोका होऊ शकतो. निदान ऐकल्यावर घरातील वडीलधाऱ्यांना, मामा-काकांनाही, समुपदेशन कक्षात घेऊन यावे. शासकीय योजनेसाठी शिधापत्रिका व आधार पत्र पहिल्याच भेटीत आणल्यास कागदपत्रांचे काम त्याच दिवशी सुरू करता येते.