आधी हवा, मग डिझेल

लालबागहून मसाल्याच्या गोण्या भरून निघालेली जुनी डिझेल पिकअप करी रोडचा पूल चढताना मागच्या स्कूटरवाल्याचं तोंड काळं करते, तेव्हा ती पीयूसीत नापास होणार हे सांगायला यंत्र लागत नाही. का नापास होणार, हे मात्र शोधावं लागतं. बहुतेक मालक त्या शोधात न पडता थेट पंप खोलायला लावतात. माझ्या मते खर्चाची सुरुवातच तिथे चुकते.

डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा दाटपणा मोजतात. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर झटकन तळापर्यंत दाबायचा, इंजिन कमाल फेऱ्यांवर गेलं की सोडायचा. असं पुन्हा पुन्हा. सायलेन्सरमध्ये घातलेली नळी थोडा धूर यंत्रात नेते. आत एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला सेन्सर. धुराने प्रकाश जितका अडवला, तितका आकडा मोठा. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक आहे, बीएस-४ ला ५०.

यातला ‘झटकन’ महत्त्वाचा. पाय दाबताच डिझेल वाढतं; हवा, विशेषतः टर्बो असेल तर, थोडी मागून येते. त्या क्षणी हवेच्या वाटेत जरा जरी अडथळा असला तरी डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी बाहेर पडते. म्हणून काळा धूर दिसला की पहिला संशय एअर फिल्टरवर. मसाल्याची भुकटी आणि बांधकामांची धूळ खाल्लेला फिल्टर झटकून भागत नाही, बदलावा लागतो. मग टर्बोपासून निघणारा रबरी पाइप चाचपायचा: चीर पडली असेल तर तिथे तेलकट डाग असतो आणि रेस दिली की फुसफुस ऐकू येते. जळका वायू पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडाच अडकला असेल, तर तो वायू ताज्या हवेची जागा खातो.

हे सगळं ठीक निघालं तरच डिझेलकडे वळायचं. नोझल फवाऱ्याऐवजी थेंब टाकतंय का, ते टेस्टिंग बेंचवर कळतं. नंतर पंपाचं टायमिंग.

रंग निळा असेल तर वरचं सगळं विसरा. इंजिन ऑइल जळतंय. रिंगा, व्हॉल्व्हचे गाइड किंवा टर्बोचं सील गेलं असावं. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्या.

सीएनजी-पेट्रोल टेम्पोचं गणित वेगळं. तिथे आयडलिंगवर वायू मोजतात: कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे मिश्रणात इंधन जास्त, हायड्रोकार्बन जास्त म्हणजे बहुधा प्लग मिस होतोय.

थंड गाडी चाचणीला नेऊ नका. दिवसभर सिग्नलला उभं राहून सायलेन्सरमध्ये साठलेली काजळी पहिल्या दोन-तीन रेसमध्येच उडते. अर्धा तास मोकळ्या हायवेवर पळवून आणा. आणि कुणी पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल कमी करून देतो म्हणालं, तर नको म्हणा. आकडा खाली येईल, पण दोष तसाच राहील आणि भरलेली गाडी त्याच पुलावर दम टाकेल.

बीएस-४ च्या आधीच्या गाडीचं प्रमाणपत्र सहा महिनेच चालतं. तेव्हा आजच जुनी बिलं काढा आणि एअर फिल्टर शेवटचा कधी बदलला ते बघा.