शिंगणापूरला चार्टर विमान: कोटेशन देण्याआधी हे वाचा



नागापूर एमआयडीसीच्या आजूबाजूला ट्रॅव्हल्सचा धंदा करणारे बरेच जण आहेत. समजा, उद्या तुम्हाला फोन आला, "इंदूरहून चार्टर विमानाने शनी शिंगणापूरला यायचंय, सगळं मिळून किती?" तर काय सांगाल?

गिऱ्हाईक येतं कशासाठी, ते आधी बघू. नेवासा तालुक्यातलं हे गाव बिनदारांच्या घरांसाठी देशभर माहीत आहे. चौकट आहे, पण दार नाही. गावाची राखण शनिदेव करतात ही श्रद्धा. देवाची शिळासुद्धा उघड्या चौथऱ्यावर. २०११ मध्ये युको बँकेने इथे बिनकुलपाची शाखा काढली, तेव्हा मोठी बातमी झाली होती.

गावात विमानतळ नाही. जवळचा सोयीचा म्हणजे काकडीचा शिर्डी विमानतळ, १ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झालेला. शिर्डीहून शिंगणापूर रस्त्याने साधारण ७० किलोमीटर.

आता खरा हिशोब. चार्टरचं भाडं तासावर असतं, आणि रिकाम्या फेरीचे पैसेही गिऱ्हाईकच देतं. आकडे फक्त समजण्यासाठी धरू: ताशी २ लाख, प्रत्येक टप्पा १ तास, विमानाचा तळ मुंबई.

• मुंबई–इंदूर (रिकामं): २ लाख
• इंदूर–शिर्डी: २ लाख
• शिर्डी–इंदूर: २ लाख
• इंदूर–मुंबई (रिकामं): २ लाख

एकूण ८ लाख. तुम्ही फक्त जाणं-येणं धरून ४ लाख बोललात, तर उरलेले ४ लाख कोण भरणार? वर लँडिंग, पार्किंग, मुक्काम पडला तर वैमानिकांची राहण्याची सोय आणि जीएसटी वेगळा.

दुसरी गोष्ट, परवाना. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवता येत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. विमानाचंही तसंच. खासगी वापरासाठी नोंदवलेलं विमान भाड्याने देता येत नाही. कंपनीकडे डीजीसीएचा नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परवाना हवा, आणि तुम्हाला देणार ते विमान त्या परवान्यावर चढवलेलं हवं. कागद मागायला लाजू नका.

मग आपण कमवायचं कुठे? माझं सरळ मत: विमानाचे पैसे स्वतःच्या खात्यातून फिरवू नका. गिऱ्हाईक आणि ऑपरेटर यांचा करार थेट होऊ द्या, तुमचं कमिशन आधी लेखी ठरवा. जमिनीवरचं काम मात्र पूर्ण तुमचं: पिवळ्या पाटीची चांगली गाडी, वेळ पाळणारा ड्रायव्हर, दर्शन, जेवण, आणि लोकांच्या बिनदारांच्या घरात न विचारता डोकावायचं नाही हे पाहुण्यांना सांगणारा माहीतगार माणूस. त्यात भांडवल कमी आणि जोखीम आटोक्यात.

आजचा गृहपाठ: एका पानावर दोन रकाने करा, "हवेतला खर्च" आणि "जमिनीवरचा खर्च". दुसऱ्या रकान्यातला प्रत्येक दर आज फोन करून पक्का करा. पहिल्या रकान्यातला आकडा ऑपरेटरकडून लेखी आल्याशिवाय गिऱ्हाईकाला तोंडी सांगू नका.