‘डिजिटल अटक’ : बनावट कायद्याचा धाक

देशाच्या कोणत्याही कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाची कारवाई नाही. तरीही या दोन शब्दांच्या धाकाने अनेक सेवानिवृत्तांची आयुष्यभराची पुंजी लुटली गेली आहे.

फसवणुकीची रीत बहुधा ठरलेली असते. आपल्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, अथवा आपल्या आधार क्रमांकाचा गुन्ह्यात वापर झाला, असा दूरध्वनी येतो. पाठोपाठ व्हिडिओ कॉलवर गणवेशधारी ‘अधिकारी’ अवतरतो. हाती न्यायालयाचा बनावट आदेश. कॅमेरा बंद करू नका, घरात कोणाशी बोलू नका, असे बजावले जाते. हे एकाकीपणच त्यांचे खरे शस्त्र होय. मुलाला किंवा शेजाऱ्याला विचारण्याची सवड मिळाली, तर हे सोंग घटकाभरही टिकणे कठीण. अखेरीस ‘पडताळणीसाठी’ सर्व रक्कम एका खात्यात भरावयास सांगण्यात येते.

१ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावण्याची तरतूद आहे. व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची नाही. पडताळणीसाठी पैसे भरावयास लावण्याचा अधिकार तर कोणत्याच पोलिसांना नाही.

रक्कम गेलीच, तर संकोचापायी वेळ दवडू नये. ती झपाट्याने अनेक खात्यांतून फिरविली जाते. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविल्यास ती वाटेतच गोठविली जाण्याचा संभव असतो. ग्रामसभेत व निवृत्तिवेतनधारकांच्या मेळाव्यात हा क्रमांक मोठ्याने वाचून दाखवावा; भिंतीवरचा फलक प्रत्येक वृद्धाला वाचता येतोच असे नाही.