अरण्यातील पाचारण : चंद्रपूर-गडचिरोलीच्या चार जीवनवाटा

दहावी-बारावीचे निकाल लागले की धर्मग्रामातील घराघरांत एकच चर्चा सुरू होते : मुलाने किंवा मुलीने पुढे काय करावे? नर्सिंग, इंजिनिअरिंग, हॉटेल मॅनेजमेंट, बँकेतील नोकरी की आखाती देश? या चर्चेत पगाराचा आणि प्रतिष्ठेचा विचार होतो, आणि संसारी माणसाने तो करणे स्वाभाविकच आहे. परंतु 'परमेश्वराने मला कोणत्या कार्यासाठी पाचारण केले आहे?' हा प्रश्न मात्र आपण सेमिनरीत किंवा कॉन्व्हेंटमध्ये जाऊ इच्छिणाऱ्यांसाठीच राखून ठेवतो. जणू धर्मगुरूंना पाचारण असते आणि इतरांना केवळ करिअर असते!

ख्रिस्तसभेची शिकवण अशी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात श्रद्धा आणि दैनंदिन जीवन यांच्यातील फारकतीला आपल्या युगातील एक गंभीर दोष म्हटले आहे. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमाविषयी लिहिलेल्या विश्वपत्रात, काम हे माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, असा विचार मांडला. हा विचार प्रत्यक्ष जीवनात कसा दिसतो, हे समजून घेण्यासाठी महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडे, चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांकडे पाहू या.

साग, बांबू, मोह आणि तेंदू यांचा हा प्रदेश. गोंड आणि माडिया आदिवासींची ही भूमी. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. ख्रिस्तसभेला हा प्रदेश परका नाही. १९६२ साली येथे सिरो-मलबार परंपरेतील चांदा मिशनक्षेत्राची स्थापना झाली आणि १९७७ साली त्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. या लेखात मात्र ज्यांचा परिचय करून द्यायचा आहे, ती माणसे कॅथोलिक नाहीत. वाचकांनी याचे आश्चर्य मानू नये. शेजारी कोण, हे समजावून सांगताना प्रभू येशूने स्वकीयांमधील याजक किंवा लेवी नव्हे, तर एका शोमरोनी माणसाचे उदाहरण दिले होते.

वकिलीकडून आनंदवनाकडे

मुरलीधर देविदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे झाला. सधन घर, कायद्याची पदवी, वरोरा येथे चाललेली वकिली. सर्व काही ठरलेल्या वाटेने जात होते. वरोरा नगरपालिकेत काम करताना त्यांनी मैला वाहण्याचे काम स्वतः केले. त्याच काळात त्यांना पावसात रस्त्याच्या कडेला पडलेला, बोटे झडलेला एक कुष्ठरुग्ण दिसला. त्याचे नाव तुळशीराम. त्याला पाहून बाबा भयाने दूर झाले, आणि आपल्याला वाटलेले ते भयच त्यांना सलत राहिले.

येथे आपण एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. बाबांनी भावनेच्या भरात आश्रम काढला नाही. १९४९ साली ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेत गेले आणि कुष्ठरोगाच्या उपचाराचे शिक्षण घेऊन आले. त्यानंतर महारोगी सेवा समिती स्थापन झाली. १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन उभे राहिले. उद्घाटन आचार्य विनोबा भावे यांच्या हस्ते झाले.

बाबांचा आग्रह असा की रुग्णाला भीक नको, काम हवे. रुग्णांनी विहिरी खोदल्या, शेती केली, भाजीपाला पिकवला. परंतु कुष्ठरुग्णांच्या हातची भाजी विकत घेण्यास गावातील लोक घाबरत. १९५४ साली सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे अनेक देशांतील स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, तेथेच जेवले आणि इमारती बांधल्या. ते पाहून लोकांची भीती हळूहळू ओसरली. पुढे १९६४ च्या सुमारास याच आनंदवनाने परिसरातील निरोगी मुलांसाठी महाविद्यालय उभारले. ज्यांना समाजाने भिकारी ठरवले होते, तेच समाजाला दान देणारे झाले! प्रभू येशूने कुष्ठरोग्याला केवळ बरे केले नाही, तर हात पुढे करून स्पर्श केला आणि त्याला पुन्हा समाजात पाठवले. मोलोकाई बेटावरील संत डॅमियन यांची परंपरा आपल्याला ठाऊक आहे. आनंदवन हे तिचे आपल्या भूमीतील भावंड म्हणावे लागेल. बाबांचे निधन ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनातच झाले.

भामरागडचे डॉक्टर दांपत्य

बाबांचे धाकटे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे नागपूर येथे वैद्यकीय शिक्षण घेत होते. १९७० च्या सुमारास बाबा मुलांना भामरागडच्या जंगलात सहलीला घेऊन गेले. माणसाला पाहताच पळून जाणारे, अर्धपोटी माडिया आदिवासी त्यांनी तेथे पाहिले. २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश यांनी शस्त्रक्रियाशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण सोडले आणि त्यांच्या पत्नी, भूलतज्ज्ञ डॉ. मंदाकिनी, शहरातील नोकरी सोडून त्यांच्यासोबत आल्या.

तेथे वीज नव्हती, पावसाळ्यात रस्ता नव्हता आणि प्रारंभी रुग्णही नव्हते. आदिवासी बांधवांचा या परक्या माणसांवर विश्वास नव्हता. तेव्हा या दोघांनी आधी माडिया भाषा शिकून घेतली. जे उपचार पुस्तकात एका विशेषतज्ज्ञाचे असतात, ते सर्व कंदिलाच्या उजेडात करण्याची वेळ त्यांच्यावर आली. १९७६ साली निवासी शाळा सुरू झाली आणि आमटे दांपत्याने आपली मुले याच शाळेत माडिया मुलांबरोबर शिकविली. २००८ साली या दोघांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे प्रारंभापासून पुरस्कारापर्यंत पस्तीस वर्षे! निकाल तत्काळ हवा असणाऱ्या आपल्या पिढीने हा हिशेब मनात ठेवावा.

प्रश्न विचारणारे डॉक्टर

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची वाट याहून वेगळी. दोघेही उच्च गुणवत्तेचे डॉक्टर. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि तेथे न थांबता ते परतले. १९८६ साली गडचिरोलीत त्यांच्या 'सर्च' या संस्थेचे काम सुरू झाले. पहिली जागा होती तेंदूपानांचे एक गोदाम.

त्यांनी औषध देण्यापूर्वी प्रश्न विचारले. स्त्रीरोगतज्ज्ञ असलेल्या डॉ. राणी यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने दाखविले की ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्या निमूटपणे सहन करीत होत्या, कारण त्यांना कोणी विचारलेच नव्हते. रुग्णालय बांधतानाही लोकांचे मत घेण्यात आले. मोठ्या इमारतींची आदिवासींना भीती वाटते हे कळल्यावर शोधग्राम येथील रुग्णालय गावासारखे बांधले गेले आणि त्याला त्यांच्या देवीचे, दंतेश्वरीचे, नाव दिले गेले.

नवजात बालकांचे मृत्यू ही तेथील सर्वांत मोठी वेदना. रुग्णालय दूर आणि प्रसूती घरीच होणारी. बंग दांपत्याने गावातीलच, थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, त्याला उबदार ठेवणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे ही कामे त्या शिकल्या. ३९ गावांत झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले : तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्यांच्या कामात घरोघरी नवजात बालसेवेचा समावेश झाला.

येथे खरा 'प्रोफेशनल' कोण? जॉन्स हॉपकिन्सचे पदवीधर तर आहेतच; परंतु रात्रीबेरात्री शेजारणीच्या झोपडीत जाऊन बाळाचे श्वास मोजणारी ती आरोग्यदूतही तितकीच आहे. तालंतांच्या दाखल्यात (मत्तय २५:१४-३०) धनी पाच तालंत आणि दोन तालंत मिळविणाऱ्या दोन्ही दासांची सारख्याच शब्दांत प्रशंसा करतो, हे आपल्या नजरेतून पुष्कळदा निसटते.

बांबू विकणारी ग्रामसभा

चौथी वाट एका व्यक्तीची नव्हे, तर एका गावाची आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे छोटेसे गोंड गाव. गावचे ज्येष्ठ कार्यकर्ते देवाजी तोफा आणि त्यांचे सहप्रवासी मोहन हिराबाई हिरालाल यांनी येथे अभ्यासगटाची पद्धत रुजविली. गावकरी एकत्र बसून कायदा समजून घेत आणि निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने करीत. एकाचा जरी विरोध असला तरी चर्चा पुढे चालू राही.

वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला. त्यानुसार २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही अडचण संपली नाही. १९२७ च्या वन कायद्यानुसार बांबू हे 'झाड' मानले जाई, तर नव्या कायद्यानुसार ते गौण वनोपज होते. त्यामुळे बांबू गावाचा असूनही वाहतुकीचा परवाना मिळत नव्हता आणि परवान्याशिवाय विक्री शक्य नव्हती. ग्रामसभेने संयमाने, कायद्याच्या भाषेतच आपली बाजू मांडली. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे अधिकार ग्रामसभेच्या हाती आले. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या जंगलात मजूर होते, ते जंगलाचे व्यवस्थापक झाले. उद्योजकता म्हणजे केवळ एकट्याने धनवान होणे नव्हे, हे या गावाने दाखविले.

या वाटांवरून काय शिकावे?

पहिली गोष्ट म्हणजे, यांपैकी कोणीही आपले कौशल्य टाकून दिले नाही. सेवा करण्यासाठी त्यांनी आपले ज्ञान अधिक वाढविले आणि जेथे त्याची सर्वाधिक गरज होती तेथे ते नेले. 'चांगले मन आहे, एवढे पुरे' ही समजूत गरिबांवर अन्याय करणारी आहे. गरिबाला उत्तम डॉक्टर, उत्तम शिक्षक आणि उत्तम वकीलच मिळाला पाहिजे. नाझरेथच्या संत योसेफाने बनविलेले नांगर वेडेवाकडे असतील, अशी कल्पना आपण करू शकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, लोकांना काय हवे हे आधी ऐकून घेणे. हेमलकशात ते भाषा शिकण्याने साधले, गडचिरोलीत प्रश्न विचारण्याने, तर मेंढ्यात सर्वसहमतीने.

तिसरी गोष्ट कुटुंबाची. साधनाताई, मंदाताई आणि राणीताई यांच्याशिवाय यांतील एकही वाट पुढे गेली नसती. विवाहसंस्काराच्या तयारीत आपण वधूवरांशी घर आणि मुले यांविषयी बोलतो; 'तुम्ही दोघे मिळून कोणते कार्य कराल?' हेही विचारले पाहिजे.

चौथी गोष्ट सावधगिरीची. या वाटांचे अवास्तव गुणगान होऊ नये. जंगलातील एकाकीपण, हिंसाचाराचे सावट आणि आजारपण या सर्वांची किंमत या माणसांनी मोजली आहे. प्रत्येकाने गडचिरोलीला जावे, असे नव्हे. घरावर कर्ज असताना आखातात राबून भावंडांचे शिक्षण करणारी आपली परिचारिकाही आपल्या पाचारणाला प्रतिसाद देतच असते. प्रश्न ठिकाणाचा नसून हेतूचा आहे. परंतु ही सबब पुढे करून प्रश्नच टाळणे, हे तालंत जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाचे वर्तन होय.

धर्मग्रामात काय करता येईल?

तरुणांना जीवनाचा हेतू शोधता यावा म्हणून डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने २००६ साली 'निर्माण' हा उपक्रम सुरू झाला. आपल्या युवा संघांनीही असे काही का करू नये? १ मे रोजी आपण श्रमिक संत योसेफाचा सण साजरा करतो. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली तो सुरू केला. त्या दिवशी मिस्सेनंतर धर्मग्रामातील एक परिचारिका, एक शेतकरी, एक शिक्षक आणि एक छोटा उद्योजक यांना बोलावून, आपल्या कामात देव कोठे भेटला, हे तरुणांना ऐकवावे. करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरात 'कोणत्या कोर्सला किती पगार?' या तक्त्याशेजारी आणखी तीन प्रश्न लिहावेत : मला कोणते काम उत्तम जमते? माझ्याभोवती कोणाची वेदना मला अस्वस्थ करते? आणि या दोहोंची गाठ कोठे पडते?

आईवडिलांनाही एक नम्र विनंती. मुलाने एखादी अनोळखी वाट निवडली तर लगेच 'लोक काय म्हणतील?' असे विचारू नये. आधी त्याला विचारावे : तू त्या कामाचे शिक्षण घेतलेस का? ज्यांच्यासाठी करायचे त्यांच्यात राहून पाहिलेस का? दहा वर्षे यश मिळाले नाही तरी टिकशील का? उत्तरे प्रामाणिक असतील, तर त्या वाटेवर आशीर्वाद द्यावा. द्राक्षमळ्याचा धनी कामकऱ्यांना दिवसाच्या कोणत्याही प्रहरी बोलावतो. त्याचा मळा कोणत्या दिशेला आहे, हे ठरविण्याचा अधिकार आपला नाही. हाक आल्यावर उठणे मात्र आपल्या हाती आहे.