परीस, देवदूत आणि एक चोरीला गेलेली कवटी

साल १६६९, हॅम्बुर्ग शहर. हेनिग ब्रांट नावाचा गृहस्थ पिंपंच्या पिंपं भरून माणसांची लघवी जमा करतो, ती कुजू देतो, मग आटवतो आणि तळाशी उरलेला काळा गाळ भट्टीवर तापवत बसतो. (शेजाऱ्यांचं काय झालं असेल, ते ज्याचं त्यानं ठरवावं.) तर्क सोपा होता. सोनं पिवळं, लघवीही पिवळी, तेव्हा आत कुठेतरी सोनं दडलेलं असणारच! सोनं काही निघालं नाही. निघाला मेणासारखा एक पदार्थ. तो अंधारात हिरवट उजेड टाकायचा आणि हवा लागली की भडकायचा. हा फॉस्फरस. ज्याच्या शोधकाचं नाव आपल्याला ठाऊक आहे असं हे पहिलं मूलद्रव्य, आणि त्याचा शोधक बसला होता परीस शोधत. आपल्या काडेपेटीच्या कडेला तो तपकिरी पट्टा असतो ना, त्यातही हाच असतो.

'किमया' हा शब्द मूळचा अरबी, 'अल्-किमिया'. 'केमिस्ट्री' त्याच घराण्यातली. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपात या घराची वाटणी अजून व्हायची होती. प्रयोगशाळा, देवघर आणि पंचांग एकाच खोलीत, आणि चूलही एकच. त्या खोलीत डोकावलं की भलतीच ओळखीची माणसं भेटतात.

तानापिहिनिपाजातला 'ना' आणि 'पा'

पहिले भेटतात साक्षात न्यूटन.

केंब्रिज विद्यापीठानं न्यूटनच्या कागदांतले शास्त्राचे तेवढे ठेवून घेतले आणि बाकीची गाठोडी 'आम्हाला उपयोग नाही' म्हणून वारसांना परत केली. १९३६च्या जुलैत तीच गाठोडी लंडनच्या सोदबीज या लिलावघरात विकायला आली. सगळी मिळून नऊ हजार पौंडांपेक्षा थोडी जास्त रक्कम आली, म्हणजे तेव्हाही मातीमोलच. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी त्यातला बराच भाग नंतर जमवला, वाचला आणि चक्रावले. न्यूटननं किमयेवर सुमारे दहा लाख शब्द लिहून ठेवले होते! केन्सनी निष्कर्ष काढला की हा बुद्धिवादाच्या युगाचा पहिला माणूस नव्हे, जादूगारांच्या परंपरेतला शेवटचा. हे मांडणारा त्यांचा निबंध १९४६मध्ये वाचला गेला तेव्हा केन्स हयात नव्हते, तो त्यांच्या भावानं वाचला. धर्मविषयक कागदांची मोठी चळत मात्र अब्राहम याहुदा या विद्वानाकडे गेली. ती आज जेरुसलेममध्ये आहे.

किमयेच्या वर्तुळात टोपणनावाची रीत होती. न्यूटननं आपल्याच लॅटिन नावातली अक्षरं उलटसुलट करून 'येओवा सांक्टुस उनुस' असं नाव जुळवलं. अर्थ, 'एकमेव पवित्र परमेश्वर'. नम्रता हा त्याचा गुण नव्हताच. १९७९मध्ये त्याच्या जपून ठेवलेल्या केसांची तपासणी झाली तेव्हा त्यांत भरपूर पारा सापडला. भट्टीतली द्रव्यं तो चाखूनही पाहायचा आणि चव वहीत टिपून ठेवायचा.

आता शाळेतलं तानापिहिनिपाजा आठवा. न्यूटनला इंद्रधनुष्यात आधी पाचच मुख्य रंग दिसले होते: तांबडा, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. पण संगीतात सूर सात, मग प्रकाशात पाच कसे चालतील? विश्वाची रचना एकाच मेळात असली पाहिजे, ही त्याची श्रद्धा. मग नारिंगी आणि पारवा आत आले. म्हणजे आपण पाठ केलेल्या त्या शब्दातला 'ना' आणि 'पा' डोळ्यांनी नव्हे, कानांनी पाहिलेला आहे. पारवा रंग नेमका कुठे सुरू होतो हे लहानपणी मला कधीच कळलं नव्हतं. आता वाटतं, चूक माझी नव्हती.

बायबलवरून हिशेब मांडून जग २०६०च्या आधी बुडणार नाही, असंही तो एका कागदावर लिहून गेला. हेतू वेगळाच होता. दर थोड्या वर्षांनी जगबुडीची तारीख जाहीर करणाऱ्यांची तोंडं त्याला बंद करायची होती.

आणि गुरुत्वाकर्षण? मध्ये काहीही नसताना सूर्य पृथ्वीला ओढतो, हे ऐकून तत्त्वज्ञ लाइबनिट्झनं नाक मुरडलं. हा तर गूढ गुणांचा जुना कारखाना पुन्हा सुरू झाला, असा त्याचा आक्षेप. वस्तूवस्तूंतल्या सुप्त ओढींबद्दल किमयेच्या पोथ्यांत वर्षानुवर्षं वाचत आलेल्या माणसाला अशी अदृश्य ओढ पचवणं सोपं गेलं असावं, असं काही इतिहासकार मानतात. काही मानत नाहीत. मला पहिल्यांचं पटतं.

सोनं बनवायला परवानगी आहे

इंग्लंडमध्ये १४०४पासून एक कायदा होता: कृत्रिम रीतीनं सोनं वाढवणं हा गुन्हा. तो १६८९मध्ये रद्द झाला, आणि तो व्हावा म्हणून खटपट करणाऱ्यांत होता रॉबर्ट बॉइल. हो, तोच, वायूचा दाब आणि आकारमान यांच्या नियमातला. बॉइल १६९१मध्ये वारला, तेव्हा त्याच्याकडच्या एका 'लाल माती'ची कृती तत्त्वज्ञ जॉन लॉककडे आली आणि न्यूटननं ती लॉककडे मागितली. आधुनिक विचारांचे दोन खांब तिसऱ्याच्या लाल मातीवरून पत्रं लिहीत बसले आहेत, हे चित्र मला फार आवडतं. १६९६मध्ये न्यूटन सरकारी टांकसाळीवर गेला आणि खोटी नाणी पाडणाऱ्यांना शोधून फासावर पाठवू लागला. सोन्याच्या बाबतीत फसवणूक त्याला खपत नसे.

देवदत्ताच्या जन्माची गोष्ट

राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाचा मुहूर्त, १५ जानेवारी १५५९, जॉन डीनं काढून दिला होता. हा पंचांगी जोशी नव्हे, अव्वल गणिती. युक्लिडच्या पहिल्या इंग्रजी भाषांतराला १५७०मध्ये त्याचीच प्रस्तावना आहे, आणि त्याच्या घरचा ग्रंथसंग्रह इंग्लंडमध्ये सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी. तरुणपणी केंब्रिजमध्ये एका ग्रीक नाटकासाठी त्यानं माणसाला पाठीवर घेऊन उडणारा भलामोठा भुंगा रंगमंचावर आणला. कप्प्या आणि दोऱ्यांचं काम, पण लोक म्हणाले चेटूक. तो शिक्का शेवटपर्यंत पुसला गेला नाही.

उतारवयात त्याला वाटू लागलं की पुस्तकं वाचून झाली, आता थेट देवदूतांनाच विचारावं. त्याला स्वतःला काही दिसत नसे, म्हणून एडवर्ड केली नावाचा 'द्रष्टा' पगारावर ठेवला. केली स्फटिकात बघायचा, डी लिहून घ्यायचा. देवदूतांनी आपली भाषासुद्धा सांगितली, अक्षरांसकट. १५८७मध्ये बोहेमियात असताना केली म्हणाला, देवदूतांचा हुकूम आहे, आपण दोघांनी बायकासुद्धा सामाईक कराव्यात. डीची पत्नी जेन संतापली आणि रडली. डीनं मात्र प्रार्थना केली, विचार केला आणि रीतसर करार लिहिला. हुकूम पाळला गेला. पुढच्या फेब्रुवारीत जेनला मुलगा झाला. नाव ठेवलं थिओडोर, म्हणजे आपल्या भाषेत देवदत्त.

डीचा म्हणून सांगितला जाणारा काळा आरसा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. २०२१मध्ये तपासणी झाली तेव्हा त्याचा ज्वालामुखीतला काचदगड मेक्सिकोतल्या पाचुका इथला निघाला. आरसा मूळचा अझ्टेकांचा.

त्या देवदूत-संभाषणांच्या वह्यांचं काय झालं? डीच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, १६६२मध्ये, एका जुन्या पेटीच्या चोरकप्प्यात त्या सापडल्या. घरातल्या मोलकरणीला त्या रद्दी वाटल्या. सुमारे निम्मे कागद तिनं भट्टीत भाजायच्या 'पाय' नावाच्या पक्वान्नाखाली वगैरे घालून संपवले, तेव्हा कुठे मालकाच्या लक्षात आलं. भेळेच्या पुडीत कवितेची ओळ वाचलेल्या कुणालाही ही हळहळ समजेल.

पृथ्वीचा राग

या सगळ्या गोतावळ्यात माझा लाडका योहानेस केप्लर.

१५९५मध्ये ग्राझच्या शाळेत शिकवताना फळ्यावर आकृती काढता काढता त्याला साक्षात्कार झाला. ग्रह सहाच का? (तेव्हा सहाच माहीत होते.) कारण त्यांच्यामधल्या पाच फटींत भूमितीतले पाच आदर्श घनाकार चपखल बसतात! कल्पना साफ चूक. पण तिच्या नादानं तो जन्मभर ग्रहांचा हिशेब करत राहिला आणि त्या हिशेबातून ग्रहगतीचे तीन नियम निघाले. याच रचनेचा एक चांदीचा पेला बनवावा, त्यातल्या प्रत्येक ग्रहातून नळीवाटे वेगळं पेय यावं, अशी योजना त्यानं व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकपुढे मांडली होती. पेला काही पुरा झाला नाही. ब्रह्मांडातून मद्य ओतून घ्यायची संधी मानवजातीनं गमावली.

१६१९मध्ये त्यानं विश्वाच्या सुरांवर ग्रंथ लिहिला. सूर्याजवळ आल्यावर ग्रह वेगानं पळतो आणि लांब गेल्यावर रेंगाळतो, म्हणून प्रत्येक ग्रहाला त्यानं स्वरांचा पल्ला दिला. शनी आणि गुरू खर्जात, मंगळ मधल्या पट्टीत, बुध उंच चिरक्या आवाजात. शुक्राची कक्षा जवळजवळ गोल, म्हणून तो एकच सूर धरून बसतो, तंबोऱ्यासारखा. पृथ्वीच्या वाट्याला अर्ध्या स्वराचं अंतर: मी-फा-मी. केप्लरनं त्यात लॅटिन शब्द वाचले, मी म्हणजे 'मिझेरिया', दैन्य, आणि फा म्हणजे 'फामेस', भूक. पृथ्वी बिचारी दुःख आणि उपासमारच गात फिरते!

हे वाचून मी पेटी काढली. मी आणि फा म्हणजे आपले शुद्ध गंधार आणि शुद्ध मध्यम. जोडून म्हणा: गम. केप्लरला हिंदुस्थानी सरगम ठाऊक असती तर त्याला लॅटिनपर्यंत जावंच लागलं नसतं.

याच ग्रंथात त्याचा तिसरा नियम आहे, ज्यावर आजही उपग्रहांचे हिशेब चालतात. आणि हा ग्रंथ लिहिताना घरी काय चाललं होतं? आई काटारिना चेटकीण असल्याचा आरोप. शेजारणीची तक्रार होती की हिनं दिलेलं कडू पेय पिऊन मी आजारी पडले. सत्तरी उलटलेली म्हातारी १६२०मध्ये तुरुंगात गेली आणि चौदा महिने साखळदंडात राहिली. केप्लरनं कामधंदा बाजूला ठेवून तिचा बचाव मुद्देसूद लढवला. छळाची हत्यारं समोर मांडली तरी ती बधली नाही. १६२१च्या शरदात सुटली आणि काही महिन्यांत गेली. केप्लरला एक सल कायम होता. त्यानं चंद्रप्रवासावर एक कल्पित कथा लिहिली होती आणि तिच्यातल्या नायकाची आई मंत्रानं भुतं बोलावते. त्या हस्तलिखिताच्या फिरत्या प्रतीनंच कुजबुज वाढली असावी, असं त्याला वाटायचं.

शस्त्राला मलम

सर केनेल्म डिग्बी या इंग्रज सरदाराकडे एक भुकटी होती. जखमेला काही लावायचंच नाही, रक्त लागलेलं फडकं त्या भुकटीच्या पाण्यात बुडवायचं, की रोगी लांबूनच बरा. इतर कुणी तर जखम करणाऱ्या तलवारीलाच मलम लावत. गंमत म्हणजे गुण यायचा! कारण एवढंच की त्या काळची घाणेरडी मलमं जखमेपासून लांब राहत आणि ती आपली आपण भरत असे.

अशा 'दूरच्या उपचारां'चा कैवारी व्हान हेल्मोंट यानं 'गॅस' हा शब्द आपल्याला दिला. ग्रीक 'केऑस'वरून, म्हणजे आदिम गोंधळावरून. त्यानं दोनशे पौंड मातीत विलोचं रोप लावून पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६४ पौंडांनी वाढलं आणि माती कमी झाली दोन औंस. प्रयोग झकास. निष्कर्ष: झाड म्हणजे नुसतं पाणी. हवेतून झाड काय घेतं, हे त्या 'गॅस'वाल्यालाच सुचलं नाही! गव्हाच्या भांड्यात मळका सदरा कोंबला की एकवीस दिवसांत उंदीर तयार होतात, हीही त्याचीच पाककृती.

रक्ताभिसरणाच्या हार्वीला छापील पाठिंबा देणाऱ्या अगदी पहिल्यांत गूढविद्येत रमलेला वैद्य रॉबर्ट फ्लड होता. कारण? सूर्य आकाशात फिरतो, तसा प्राण देहात फिरणारच.

अदृश्य मंडळींचा शोध

१६१४मध्ये कासेल इथं एक निनावी पुस्तिका निघाली: 'गुलाबी क्रूस' नावाचं एक गुप्त बंधुमंडळ आहे, जगाचं सगळं ज्ञान त्याच्याकडे आहे. युरोपभर विद्वान जाहीर अर्ज छापू लागले, आम्हालाही घ्या. उत्तर कुणालाच आलं नाही. १६२३मध्ये पॅरिसच्या भिंतींवर या 'अदृश्य' बंधूंची पत्रकं लागली आणि नेमका त्याच सुमाराला जर्मनीकडून तत्त्वज्ञ देकार्त परतला. संशय त्याच्यावर. त्याचा चरित्रकार सांगतो, त्यानं साधा उपाय केला: रोज सगळ्यांना दिसत राहिला.

एवढं खाऊ नकोस

ग्योर्लिट्झ गावचा याकोब बोमे चांभारकाम करायचा. १६००मध्ये कथलाच्या ताटलीवर सूर्याची तिरीप चमकली आणि त्याला सृष्टीचं मर्म उलगडलं. शिंपी, कुंभार, माळी यांना संत मानणाऱ्या आपल्याला यात नवल वाटणार नाही. तिथल्या धर्मगुरूला मात्र वाटलं, आणि गावसभेनं बोमेला लिहायची बंदी केली. पुढे हेगेलनं त्याला पहिला जर्मन तत्त्वज्ञ म्हटलं.

इमॅन्युएल स्वीडनबोर्ग हा मात्र स्वीडनच्या खाणखात्यातला बडा अधिकारी. उडत्या यंत्राचा आराखडा काढणारा, मेंदूच्या बाह्य थराचं महत्त्व फार लवकर ओळखणारा. १७४५मध्ये लंडनच्या खाणावळीत ताव मारत असताना कोपऱ्यात बसलेली एक आकृती त्याला म्हणाली, एवढं खाऊ नकोस. त्याच रात्री ती पुन्हा आली आणि म्हणाली, मी परमेश्वर. स्वर्गाचा दरवाजा असा आहारविषयक सल्ल्यानं उघडलेला दुसरा कुणी मला आठवत नाही. १७५९मध्ये गोथेनबर्गला जेवताना त्यानं चारशे किलोमीटरवरच्या स्टॉकहोममधली आग 'पाहिली' आणि आपल्या घरापासून तिसऱ्या दारी ती थांबल्याचंही सांगितलं. तत्त्वज्ञ कांटनं चौकशी केली, स्वीडनबोर्गचे आठ महागडे खंड विकत घेतले, वाचले, आणि वैतागून त्यावर एक खट्याळ पुस्तक लिहिलं.

स्वीडनबोर्ग १७७२मध्ये लंडनला वारला. पुढे त्याची कवटी थडग्यातून चोरीला गेली. १९०८मध्ये सन्मानानं मायदेशी नेलेल्या अस्थींसोबतची कवटी दुसऱ्याच कुणाची तरी होती. खरी १९७८मध्ये लिलावात आली, त्याच सोदबीजमध्ये. स्वीडनच्या विज्ञान अकादमीनं ती दीड हजार पौंडांना घेतली आणि उप्सालाला तिच्या मालकाकडे पोचवली.